आधी कॅसेट वाचवा, मग अ‍ॅपचं बघू

इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि खोकी खाली उतरतात. त्यात साठ-सत्तर कॅसेट असतात, डझन-दोन डझन सीडी, थोड्या एलपी आणि नशीब असेल तर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या. नव्या घरात जागा कमी, म्हणून कुणीतरी म्हणतं, "हल्ली सगळं अ‍ॅपवर मिळतं, द्या भंगारात." कृपा करून थांबा. कॅसेट चांगली की अ‍ॅप, या वादाने काही ठरत नाही. हातात आहे ते ध्वनिमुद्रण दुसरीकडे कुठे आहे का, आणि असलं तर ते हेच आहे का, हे आधी बघायला हवं.

गीतरामायणाचं घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं, तेव्हा वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलं होतं. तबकड्यांवर आणि पुढे कॅसेटवर घरोघरी पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. नाव एक, शब्द तेच, चाली त्याच, पण ध्वनिमुद्रणं दोन. नाट्यपदांचीही तीच गत. तरुणपणी तीन मिनिटांच्या तबकडीवर गायलेलं पद गायकाने वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा गायलेलं असतं. अ‍ॅपवर नाव टाकल्यावर यातलं कुठलं समोर येईल ते सांगता येत नाही, आणि शेजारी छापलेलं वर्ष पुष्कळदा डिजिटल प्रकाशनाचं असतं, मूळ मुद्रणाचं नव्हे.

म्हणून जुळवून बघताना नुसतं नाव बघू नका. कॅसेटच्या वेष्टनावर वर्तुळातल्या 'पी' अक्षराशेजारी मूळ प्रकाशनाचं वर्ष असतं. साथीदारांची नावं बघा. मग कालावधी जुळवा. घरचा कॅसेट वाजवायचा डेक एक टक्का जलद चालत असेल तर वीस मिनिटांच्या रागात बारा सेकंदांचा फरक पडतो, तेवढा सोडून द्या. मिनिटाचा फरक असेल तर एकतर मुद्रण वेगळं आहे किंवा कुणीतरी कात्री चालवली आहे. शेवटी पहिलं मिनिट दोन्हीकडे ऐका. षड्ज लावण्याची पद्धत, पहिली हरकत, तबल्याचा उठाव, एवढ्यावर कान निवाडा देतो.

असं बघत गेलं की तीन गठ्ठे पडतात. एकात जगात एकच प्रत असलेलं: घरच्या बैठकीचं मुद्रण, रेडिओवरून उतरवलेलं कीर्तन, गल्लीतल्या गणेशोत्सवातला कार्यक्रम, आजीच्या ओव्या. दुसऱ्यात छापील कॅसेट किंवा सीडी, पण अ‍ॅपवर न सापडणारी. तालुक्याच्या गावातल्या छोट्या कंपन्यांनी काढलेली भजनं, भारुडं, वगनाट्यं बहुतेक इथे येतात. तिसऱ्यात जसंच्या तसं अ‍ॅपवर असलेलं. तिसऱ्या गठ्ठ्याची घाई नाही. पहिल्याला हात लावायच्या आधी मात्र एक काम लगेच करा: कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे पापुद्रे स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. ते असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीच्या जागी शांतता मुद्रित होईल, आणि पुसलेला आवाज परत मिळणार नाही.

आता कॅसेटकडेच नीट बघू, कारण बहुधा सगळ्यात आधी तीच जाते.

खिडकीतून दिसणाऱ्या रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या कॅसेटवर ती हटकून धरते. अशी कॅसेट वाजवू नका. बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. तिला वेगळ्या पिशवीत ठेवा, कोरड्या दिवशी गच्चीत किंवा गॅलरीत तोंडाला फडकं बांधून उघडा आणि रिळाची कड मऊ कोरड्या कापडाने पुसा. पाणी अजिबात नको.

आवाज दबका, लाटेसारखा वरखाली येत असेल तर टेप खराब झाली असं लगेच समजू नका. कॅसेटच्या खालच्या तोंडाशी, मधोमध, पितळी पट्टीवर नमद्याचा एक छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. वीस-तीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून पडतो. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर ती टेबलावर सपाट ठेवून उघडता येते. आधी मोबाइलवर फोटो काढा, वरचं झाकण सरळ वर उचला आणि टेपची वाट कुठून कुठे जाते ते बघा. कोऱ्या कॅसेटचं चांगलं कवच घ्यायचं आणि दोन्ही रिळं, आतले चकचकीत कागद आणि सगळं जसंच्या तसं त्यात बसवायचं, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. स्क्रू नसतील, कवच चिकटवलेलं असेल, तर जोडावर पातळ पातं हलकेच फिरवून ते फोडावं लागतं. नवं कवच तर लागणारच असतं, त्यामुळे जुनं मोडलं तरी बिघडत नाही.

टेप तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा चिकटा उन्हाळ्यात पाझरतो आणि वरचा थर खालच्याला चिकटवतो. टेप जोडायची खास चिकटपट्टी मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरका काप द्या, टोकाला टोक भिडवा आणि पट्टी आतल्या बाजूने लावा, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने. टेपची रुंदी जेमतेम ३.८ मिलिमीटर. पट्टी कडेबाहेर कणभरही आली तर तिथेच अडकेल.

डेक कुठला वापरावा? हल्ली मिळणारे स्वस्त यूएसबी वॉकमन घेऊ नका. त्यांची गती डुलते. ढोलकीच्या गाण्यात ते खपून जातं, तंबोऱ्यावर खपत नाही. तंबोरा हा स्थिर स्वर. मोटर जरा डगमगली की तो हेलकावे खाऊ लागतो, आणि गायक बेसूर झाल्यासारखा वाटतो. जुना चांगल्या कंपनीचा घरगुती डेक दुरुस्त करून घेणं केव्हाही बरं. पुष्कळदा बिघाड मोटरच्या रबरी पट्ट्याचा असतो. रबर वितळून त्याचं डांबर झालेलं असतं. ते स्पिरिटने पुसून नवा पट्टा घालायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे भाग आणि ते बसवणारे हात शोधायला जागा आहे.

प्रत्येक चार-पाच कॅसेटनंतर हेड आणि त्याशेजारची लोखंडी दांडी कापसाच्या काडीने पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानातलं बहुधा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणी. रबरी चाकावर तपकिरी थर दिसत असेल तर तो जाईपर्यंत पुसा, कारण कॅसेट गुंतते ती बहुतेक तिथेच. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच वाजवायला घेऊ नका. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा. थर सुटे होतात, ताण सारखा होतो.

त्यानंतर हेडचा कोन. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल तर तुमच्या सरळ हेडवर वरचे स्वर मरतात. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारांची गुंजण, सतारीच्या चिकाऱ्या, तबल्याच्या चाटेवरची (कडेवरची) अक्षरं दबून जातात. हेडशेजारी एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून ऐका आणि टेप चालू असताना तो स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा. एका जागी आवाज एकदम उघडतो, खिडकी उघडावी तसा. तिथेच थांबा. घरगुती मुद्रणाला हे प्रत्येक कॅसेटमागे करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण संगणकावर नंतर तासभर बसून जे साधत नाही ते इथे अर्ध्या मिनिटात साधतं. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणारं बटण, कॅसेटवर तशी खूण असेल तरच, आणि या कोनानंतरच दाबा. आधी दाबलं तर गेलेले वरचे स्वर आणखी जातात.

डेकच्या लाइन-आउटमधून तार यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या डबीच्या) लाइन-इनमध्ये घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते बहुधा मोनो असतं आणि डेकचा आवाज त्याला झेपत नाही, फाटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. खाली जागा ठेवली तर काही बिघडत नाही. वर गेलं की तान कापली जाते आणि ती परत येत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे १ जीबी लागतो, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता लहान केलेल्या फाइलीत, त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेळ मात्र पूर्ण साठ मिनिटं द्यावाच लागतो.

गती तपासायची असेल तर साथीची पेटी उपयोगी पडते. टेप तीन टक्के जलद चालली की स्वर अर्ध्या पट्टीने चढतो, काळी एकमधला गायक काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये लटकतो. ट्यूनरवर पेटीचा षड्ज कुठे येतो ते बघा. जुन्या पेट्या स्वतःच थोड्या चढ्या-उतऱ्या असत, म्हणून किरकोळ फरकाला हात लावू नका. दुरुस्ती करायची तर ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये गती आणि स्वर एकत्र बदलणारी आज्ञा वापरा. नुसता स्वर किंवा नुसती लय बदलणारी आज्ञा आवाजाचा पोत बिघडवते.

आता कळकळीची विनंती. खरखर काढणारं बटण दाबायचा मोह आवरा. हे प्रोग्रॅम सतत चालणाऱ्या बारीक आवाजाला खरखर समजतात, आणि आपल्या संगीतात सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे तंबोरा. खरखरीबरोबर जवारीही जाते. गायकाच्या मागे पोकळी तयार होते आणि स्वर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. बाजारातल्या कितीतरी 'स्वच्छ केलेल्या' जुन्या मुद्रणांचं असंच वाटोळं झालं आहे. कच्ची फाइल कायम वेगळी ठेवा आणि जी काही साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर.

तबकड्यांचं काम त्यामानाने सोपं, कारण नीट ठेवलेली तबकडी आपोआप मरत नाही. उभी ठेवा, तिरकी टेकवू नका, उन्हापासून लांब. ७८ची तबकडी लाखेची असते आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. कॅसेटच्या हेडसाठी आणलेली बाटली तिच्याजवळही नेऊ नका. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, आणि मधलं लेबल कोरडं. ७८ला जाड सुई लागते, सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीला ०.७ मिल. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि नुसता खरखराट येतो. चावीच्या फोनोवर एलपी लावायची तर एकदाही नको. शंभर ग्रॅमच्या वर वजनाचा, सुई धरणारा त्याचा साउंडबॉक्स विनाइलची खाच एका फेरीत नांगरून टाकतो.

एलपीत एक गोष्ट अशी आहे, जी ख्याल ऐकणाऱ्याने समजून घ्यावी. तबकडी मिनिटाला ३३ फेरे घेते, बाहेर असो वा आत. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे आतल्या भागात तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. आता ख्यालाची मांडणी बघा: विलंबित आलाप सुरुवातीला, ऐसपैस जागेत. द्रुत, ताना, तबल्याची धावपळ, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त जागा हवी ते, शेवटी, सगळ्यात चिंचोळ्या खाचेत. बाजू पंचवीस मिनिटांची असली तर शेवटचा द्रुत भाग फाटतो तो याचमुळे. सुई नवी असली, कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसवलं तर कमी फाटतो, पूर्ण जात नाही. म्हणून आवाज चांगला म्हणून नवी एलपी घ्या, हा सल्ला ख्यालाच्या बाबतीत पटत नाही. नव्याने छापलेली एलपी डिजिटल मास्टरवरून काढलेली असेल, तर तेच मुद्रण सीडीवर जास्त नीट ऐकू येतं. मोठं वेष्टन, मागचा मजकूर, बाजू उलटण्याचा तो विधी यांसाठी घेतलीत तर ते कारण पुरेसं खरं आहे.

आणि सीडी. एवढं उपयोगी माध्यम आज इतकं दुर्लक्षित असावं याचं वाईट वाटतं. १९८० साली ठरलेलं तिचं मान, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, माणसाच्या कानाला आजही पुरतं. चौऱ्याहत्तर मिनिटं सलग, बाजू उलटायला नको, राग मध्ये तोडायला नको. जुन्या सीडी लोक काढून टाकत असतात, त्या घ्या. संगणकावर उतरवताना विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवर एक्सएलडी वापरा. दोन्ही तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी ताडून बघतात आणि कुठे चूक राहिली तर सांगतात. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. तासाभराची सीडी मुळात सुमारे ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये निम्म्याच्या आसपास. जुनं मोनो मुद्रण असेल तर त्याहूनही बरीच कमी, कारण दोन्ही चॅनल सारखेच असतात.

सीडी पुसताना गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. चरे खालच्या चकचकीत बाजूला पडले तर बहुधा निभावतं. छापील बाजूचा चरा खरा घातक, कारण अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथे लगेच खाली असतो. संगणकावर लिहिलेल्या सीडी मात्र वेगळी जात. त्यात धातूच्या थराखाली रंगाचा थर असतो आणि तो उडतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी 'कॅसेटवरून सीडी करून' दिली असेल तर ती कॅसेटच्याही आधी उतरवा, आणि कॅसेट अजून हाताशी असेल तर तिच्यावरून पुन्हा करा. 'दीडशे गाणी एका सीडीत' अशा एमपी३ सीडी जपायच्या भानगडीत पडू नका. ती गाणी दाबून दाबून पिळलेली असतात.

उरलेल्या सगळ्यासाठी अ‍ॅप घ्याच. नवं ऐकायला, एकच राग दहा जणांचा शोधायला, दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून सकाळी भक्तिगीत लावायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. ३२० केबीपीएसवर तासाला सुमारे १४४ एमबी डेटा जातो. त्या दर्जाला आणि सीडीला डोळे बांधून वेगळं ओळखणं चांगल्या कानालाही जड जातं. ब्लूटूथवर तर आवाज वाटेत पुन्हा एकदा आवळला जातो, तिथे महागडी लॉसलेस (दर्जा न घटवणारी) योजना वाया. पण दोन गाण्यांची टोकं एकमेकांत मिसळणारी सोय शून्यावर आणा, नाहीतर विलंबित संपायच्या आत द्रुत सुरू होईल. शफल बंद करा. अल्बमचा क्रम महत्त्वाचा असेल तर आवाज सारखा करणारी सोयही बंद. आणि 'डाउनलोड' या शब्दावर विसंबू नका. ती प्रत अ‍ॅपच्या आतच राहते, वर्गणी संपली की जाते. स्पॉटिफायवर तर महिन्यातून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं. कंपन्यांमधला करार संपला की आवडता अल्बम यादीत करडा होऊन बसतो, न सांगता. जे वर्षातून दहा वेळा ऐकता ते सीडीवर किंवा विकत घेतलेल्या फाइलच्या रूपात घरात असू द्या.

उतरवलेल्या फाइलींच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. हार्ड डिस्क एकाच कपाटात दोन ठेवल्या तर त्या दोन धरू नका. टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची माहिती) देवनागरीत लिहिले तर फ्लॅकमध्ये ते कायम नीट राहतात. एमपी३त जुनी गाडी त्याऐवजी प्रश्नचिन्हं दाखवेल, म्हणून गाडीच्या पेन ड्राइव्हसाठी नावं रोमन लिपीत आणि ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीत फॉरमॅट करून वेगळी प्रत काढा.

प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्यांच्या कर्त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. त्यामुळे स्वतः ऐकायला उतरवणं निराळं आणि यूट्यूबवर चढवणं निराळं. दुसऱ्यासाठी चौकशी आधी.

शेवटचं काम कागदाचं. डबीतलं वेष्टन दोन्ही बाजूंनी ३०० डीपीआयला स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिलेलं पुसट असेल तर जास्तीवर. घरच्या कॅसेटवर 'बैठक, दादरचं घर' एवढंच लिहिलेलं असतं. तबल्यावर कोण होतं, मध्येच "वा" म्हणणारा आवाज कुणाचा, ओव्या म्हणताना मागे रडणारं मूल कोण, हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून ती कॅसेट वाजवा आणि ती सांगतील ते फाइलच्या नावात आणि टॅगमध्ये लिहून घ्या, वर्ष सगळ्यात आधी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.